शाखांचा बॅकअप: डेटा जागेवर, लगाम मुख्य कार्यालयात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक मुख्य कार्यालय, सहा शाखा. प्रत्येक शाखेत एक फाइल सर्व्हर आणि हिशेब-साठ्याचा एक छोटा डेटाबेस, मिळून साधारण ६०० जीबी. आजवर शाखेतलं कुणीतरी यूएसबी डिस्क बदलत होतं. आता वरून आदेश आलाय की सगळा बॅकअप एका ठिकाणी, एका सॉफ्टवेअरमध्ये आणा. हातात तीन कोटेशनं आहेत आणि त्यातलं कुठलं घ्यावं, हे तुम्ही विचारताय.

कोटेशनं थोडा वेळ बाजूला ठेवा. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि आधी सॉफ्टवेअर घेऊन मग गरज शोधणाऱ्यांचं पुढे काय होतं ते बऱ्याचदा पाहिलंय. एकदा तर तो मीच होतो. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता चौथ्या शाखेतला सर्व्हर उठलाच नाही, तर तिथली माणसं किती वाजेपर्यंत पुन्हा कामाला लागली पाहिजेत? आणि तेव्हा त्यांना कधीपर्यंतच्या नोंदी दिसल्या पाहिजेत? आपल्या धंद्यात पहिल्याला आरटीओ आणि दुसऱ्याला आरपीओ म्हणतात. हे आकडे आयटीने ठरवायचे नसतात, शाखेच्या मॅनेजरला विचारायचे असतात. तो पहिल्यांदा "लगेच" आणि "सगळ्या" असंच सांगेल. मग विचारा, "एक दिवस कागदावर पावत्या फाडून चालेल का? कालचा अर्धा दिवस पुन्हा चढवावा लागला तर?" तिथून खरा आकडा निघतो. बहुतेक ठिकाणी डेटाबेस चार-सहा तासांत हवा असतो आणि जुन्या फाइलींसाठी दोन दिवस थांबायची तयारी असते. एकाच सर्व्हरवरच्या या दोन गोष्टींना दोन वेगळे न्याय लावावे लागतात.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर फिरतं: शाखांच्या लाईनचा अपलोड वेग, रोज खरोखर किती डेटा बदलतो, सर्व्हर व्हर्च्युअल (एका मशीनवर सॉफ्टवेअरने उभे केलेले) आहेत की थेट मशीनवर, आणि शाखेत तांत्रिक हाताचं कुणी आहे का. मी असं धरून चालतो की लाईन ५० एमबीपीएस डाउनलोड आणि १० एमबीपीएस अपलोडची आहे, शाखेत साधा विंडोज सर्व्हर आहे आणि तांत्रिक माणूस नाही. तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी २०० एमबीपीएसची फायबर असेल, तर पुढचं निम्मं दुखणं तुम्हाला नाहीच.

आता हिशेब. १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट, म्हणजे तासाला साडेचार जीबी. रात्री आठ ते सकाळी सहा अशी दहा तासांची खिडकी मिळाली, तर कागदावर ४५ जीबी जातात. व्हीपीएनचं, म्हणजे दोन कार्यालयांमधल्या सुरक्षित जोडणीचं, ओझं आणि लाईनचे रुसवेफुगवे धरून मी ३० च मोजतो. पहिला पूर्ण बॅकअप ६०० जीबीचा. तो लाईनवरून पाठवायचा तर वीस रात्री, तेही मध्ये एकही रात्र फुकट गेली नाही तर. त्यानंतर फक्त बदललेला भाग जात राहिला, तर रोजचे पाच-सात जीबी आरामात मावतात. त्यामुळे विक्रेता "आमचं इन्क्रिमेंटल आहे, तुमच्या लाईनवर सहज चालेल" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. परतीच्या प्रवासाबद्दल मात्र तो काही बोलत नाही.

तो प्रवास असा: सर्व्हर गेला आणि ६०० जीबी मुख्य कार्यालयातून शाखेत आणायचेत. शाखेचा डाउनलोड ५० एमबीपीएसचा, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. लाईन पूर्ण मोकळी असली तरी सत्तावीस तास. तुमच्या मुख्य कार्यालयाचा अपलोडच २० एमबीपीएसचा असेल तर सदुसष्ट तास, आणि त्याच वेळी बाकी पाच शाखाही त्या लाईनवर बसलेल्या. सोमवारी दहाला पडलेली शाखा गुरुवारी पहाटे उठणार. म्हणून बॅकअपची लाईन मोजताना दोन्ही टोकांचे दोन्ही वेग लिहून काढा, आणि रिस्टोरचा, म्हणजे डेटा परत चढवण्याचा, वेळ बॅकअपच्या वेळाआधी काढा.

हे फक्त छोट्या कंपन्यांचं दुखणं नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क झोपवलं. कंपनीचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर (कुणाला नेटवर्कवर शिरू द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहेच, असा भरवसा होता. सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातल्या कार्यालयातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हताच. पण घानाची लाईन इतकी बारीक होती की त्यातला काहीशे जीबी डेटा इंग्लंडला पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. शेवटी तिथल्या कर्मचाऱ्याने हार्ड डिस्क विमानाने नायजेरियाला नेली, दुसऱ्याच्या हातात दिली आणि ती तिथून लंडनला गेली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी डिस्क हातात घेऊन प्रवास करावा लागला. आणि एकमेकांशी जोडलेल्या प्रतींना बॅकअप म्हणायचं नसतं, हेही त्यात आलंच. शाखांचे फोल्डर मुख्य कार्यालयाशी सिंक करून ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. सिंकमध्ये चुकून काढून टाकलेली फाइल दोन्हीकडून सारख्याच निष्ठेने काढली जाते.

म्हणून माझ्या मते "मध्यवर्ती" या शब्दाचा अर्थ आधी साहेबांकडून नीट करून घ्या. त्यांना बहुधा हवं असतं ते असं: एका पडद्यावर सगळ्या शाखा दिसाव्यात, धोरण एका ठिकाणी ठरावं, शाखेतल्या माणसाच्या आठवणीवर काही अवलंबून राहू नये. यासाठी सगळा डेटा आधी मुख्य कार्यालयातच गेला पाहिजे असं काही नाही. पहिली प्रत शाखेतच राहू द्या, छोट्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) किंवा एकच डेटा दोन डिस्कवर लिहिणाऱ्या मिररवर. तिथून रात्री फक्त बदललेले ब्लॉक मुख्य कार्यालयात येऊ द्या. तिसरी प्रत अशा जागी ठेवा जिथे मुख्य कार्यालयाचा ॲडमिनही सहज पोहोचू शकत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम हाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. सर्व्हरची डिस्क गेली तर शाखेतल्या प्रतीवरून काही तासांत काम सुरू होतं. शाखेला आग लागली किंवा चोरी झाली तर मुख्य कार्यालयाची प्रत आहे, आणि तेव्हा सत्तावीस तास थांबण्याऐवजी डिस्क भरून गाडीने पाठवता येते.

जागेचा अंदाज सोपा आहे. ६०० जीबी मूळ, रोज सहा जीबी बदल, तीस दिवसांचा इतिहास म्हणजे आणखी १८० जीबी, वर महिन्यामहिन्याच्या जुन्या प्रती. शाखेला दोन टीबीची जोडी पुरते. मुख्य कार्यालयात सहाही शाखांचं मिळून पाच-साडेपाच टीबी, त्यात तिथला स्वतःचा डेटा मिळवा. इतिहास किती ठेवायचा हे मात्र हिशेब तपासनिसांना विचारून ठरवा. तीस दिवस बऱ्याचदा कमी पडतात. वर्षअखेरीची एखादी फाइल एप्रिलमध्ये खराब झालेली असते आणि ती उघडायची वेळ सप्टेंबरात येते.

रोजचा बदल सहा जीबी, हे मी धरलेलं आहे. तुम्ही तो मोजा. इथे एक बारकी गोष्ट सांगतो, कारण हिने मला एकदा महिनाभर छळलंय. एका शाखेत रोज रात्री डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल, काढून तो झिप करून ठेवायची पद्धत होती. डेटाबेस ३० जीबीचा, दिवसभरात बदल फार तर २०० मेगाबाइट. तरी लाईनवर रोज नऊ जीबी जात होते. झालं असं की दाबलेल्या फाइलमध्ये सुरुवातीला एखादा बाइट बदलला की पुढचा जवळजवळ सगळा भाग वेगळा दिसतो. डीड्युप्लिकेशनला, म्हणजे आधी पाठवलेला भाग ओळखून तो वगळण्याच्या सोयीला, त्यात ओळखीचं काही सापडतच नाही. डम्प न दाबता ठेवला आणि दाबायचं काम बॅकअप सॉफ्टवेअरवर सोडलं, तर रोजचं पाठवणं अर्ध्या जीबीच्या खाली आलं. जीझिप हे फाइल दाबायचं साधन वापरायचंच असेल, तर त्यात आरसिंकेबल नावाचा पर्याय याचसाठी आहे. आधीच एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींचीही हीच गत.

डेटाबेसबद्दल आणखी एक. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती फाटलेली निघू शकते, कारण अर्धी कॉपी होईपर्यंत उरलेली बदललेली असते. विंडोजवर शॅडो कॉपी सेवेतून, म्हणजे व्हीएसएसमधून, आणि डेटाबेसला आधी कल्पना देऊन बॅकअप घ्यावा लागतो. ते तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जमतं का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. जमत नसेल तर डम्प बरा.

पहिला पूर्ण बॅकअप लाईनवरून पाठवू नका. शाखेत डिस्कवर घ्या, एन्क्रिप्ट करा, माणसाबरोबर आणा, मुख्य कार्यालयात चढवा आणि तिथून पुढे इन्क्रिमेंटल. याला सीडिंग म्हणतात. तीनही कोटेशनवाल्यांना विचारा की त्यांच्याकडे हे होतं का. जे फक्त थेट क्लाउडवर पाठवतं, त्याच्या बाबतीत उलट दिशेचाही प्रश्न विचारा: परत देताना ते डिस्कवर देतात का, आणि डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे लागतात का.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते: चाव्या कुणाकडे आहेत. सगळं एका जागी आणलं की ते सगळं एका पासवर्डने पुसताही येतं. कोड स्पेसेस नावाची सोर्स कोड सांभाळणारी एक कंपनी होती. जून २०१४ मध्ये हल्लेखोर त्यांच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण पॅनलमध्ये शिरला. डेटा, स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाच्या प्रती) आणि दूर ठेवलेले बॅकअपसुद्धा त्याच पॅनलमधून दिसत होते, त्याने ते पुसत नेले. कंपनी तिथेच बंद झाली. त्यांच्याकडे बॅकअप नव्हते असं कुणी म्हणू शकत नाही.

यावर माझी पद्धत अशी. बॅकअप सर्व्हर कंपनीच्या डोमेनमध्ये घेत नाही, त्याचे युजर आणि पासवर्ड वेगळे. शाखेतल्या मशीनला मध्यवर्ती साठ्यात लिहिता यावं, पण जुनं पुसता येऊ नये. तिसरी प्रत ऑब्जेक्ट लॉक असलेल्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसता न येणाऱ्या, साठ्यावर. ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठ्यावर त्याचा कम्प्लायन्स मोड लावला, तर मुदत संपेपर्यंत खात्याचा मालकही ती पुसू शकत नाही. पण मुदत विचार करून टाका, चुकून दहा वर्षं टाकलीत तर दहा वर्षं भाडं भराल. क्लाउड नको असेल तर टेप अजून उत्तम चालते. एलटीओ-८ ची एक टेप न दाबलेला १२ टीबी डेटा घेते, आणि ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत कुठलाही हल्लेखोर पोहोचत नाही. एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवा. ती फक्त बॅकअप सर्व्हरवरच असेल, तर तो सर्व्हर गेल्या दिवशी तुमच्याकडे उत्तम प्रतीचा कचरा उरेल.

देखरेखीबद्दल स्वतःचीच गोष्ट सांगतो. एका ग्राहकाच्या शाखेचा अहवाल रोज सकाळी माझ्या मेलबॉक्समध्ये यायचा: हिरवी खूण, "यशस्वी", ४१.२ जीबी. आठ महिने मी ती हिरवी खूण पाहत होतो. मग एक दिवस तिथली डिस्क गेली आणि रिस्टोर करायला बसलो, तर डेटाबेस आठ महिने जुना. मधल्या काळात कुणीतरी नवी डिस्क बसवून डेटाबेस ई ड्राइव्हवर हलवला होता, आणि जॉब (ठरलेल्या वेळी धावणारं बॅकअपचं काम) इमानेइतबारे डी ड्राइव्हच घेत राहिला. आठ महिने रोज ४१.२, दशांशानंतरचा आकडाही हलला नाही, हे मला दिसायला हवं होतं. दोन माणसं दीड महिना कागदी व्हाउचरं पुन्हा चढवत बसली. तेव्हापासून मी अहवालात आधी आकडा बघतो. बदल शून्य असला तरी अलर्ट, नेहमीच्या पाचपट असला तरी अलर्ट. पाचपट वाढ म्हणजे कधी कधी रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद करायला सुरुवात केलेली असते.

आणि अलर्ट मेलवरच येणार असेल, तर न आलेल्या मेलचाही अलर्ट हवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सोर्स कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा डम्प शोधला तर साठ्यात काहीच नव्हतं: डम्प काढणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे ते रोज अपयशी होत होतं. त्या अपयशाचे मेलही निघत होते, पण डिजिटल सही नसल्यामुळे डीमार्क या बनावट मेल अडवणाऱ्या नियमाने ते वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट हाताशी होता म्हणून निभावलं. हे सगळं कंपनीने स्वतःहून जाहीर केलं, हे त्यांचं मोठेपण.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरकडे यायला हरकत नाही. "नियंत्रण एकीकडे, डेटा जागेवर" ही रचना काही नवी नाही. बॅक्युला आणि त्यातून फुटलेला बारिओस या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्टर (हुकूम देणारा भाग) मुख्य कार्यालयात बसतो आणि स्टोरेज डीमन (डेटा लिहिणारा भाग) शाखेत ठेवता येतो, मग लाईनवरून डेटाऐवजी फक्त फाइलींची यादी येते. कॉमव्हॉल्टमध्ये हेच काम मीडिया एजंट करतो, नेटबॅकअपमध्ये मीडिया सर्व्हर. वीममध्ये शाखेत रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअपचा साठा, ठेवून बॅकअप कॉपी जॉबने ती मुख्य कार्यालयात आणता येते. व्हर्च्युअल मशीन प्रॉक्समॉक्सवर असतील, तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचे सिंक जॉब हे फार नेटकेपणाने करतात. बोर्ग आणि रेस्टिक ही साधनं मला स्वतःला अतिशय आवडतात, लाईनवर तर ते सगळ्यात काटकसरी. पण सहा शाखांचा एक पडदा त्यांच्यात तयार मिळत नाही, तो तुम्हाला बांधावा लागेल. तुम्ही नोकरी सोडलीत तर ती स्क्रिप्ट कोण वाचणार, याचं उत्तर असेल तरच त्या वाटेला जा.

लायसन्सची मोजणी बघा: प्रोसेसरच्या सॉकेटमागे, मशीनमागे की टीबीमागे. छोट्या शाखा खूप असतील तर मशीनमागची मोजणी महाग पडते, आणि जुन्या फाइलींचे डोंगर असतील तर टीबीमागची. तीन वर्षांचा आकडा मागा. ऑफिसची कागदपत्रं शेअरपॉइंट-वनड्राइव्हवर असतील तर तीही या यादीत घ्या. तिथे काढून टाकलेली फाइल ९३ दिवसांनी रिसायकल बिनमधूनही जाते.

एक गोष्ट कुठल्याच कोटेशनमध्ये नसते, ती म्हणजे शाखेतली माणसं. एका शाखेचा जॉब रोज रात्री आठ-वीसच्या आसपास तुटायचा. लाईन तपासली, राउटर बदलला, कंपनीला लॉग पाठवले. शेवटी संध्याकाळी स्वतः जाऊन बसलो. आठ वाजता कुलूप लावणारे काका जाताना मेन स्विच खाली करत होते, वर्षानुवर्षांची सवय, आणि यूपीएस पुढे वीस मिनिटं तग धरत होता. काकांचं काहीच चुकत नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सर्व्हरच्या कपाटाला वेगळा स्विच केला आणि त्यावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला. जॉब चुकला तर मशीन सुरू होताच तो आपोआप धावेल आणि दिवसा लाईनचा वेग मर्यादित ठेवेल, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे ना, हेही त्यानंतर मी विचारायला लागलो.

पायलट, म्हणजे एका शाखेत चाचणी, कराल तेव्हा सर्वात वाईट लाईनची, सर्वात लांबची शाखा घ्या. विक्रेते मुख्य कार्यालयाजवळची सुचवतील, तिथे सगळंच चालतं. महिनाभर चालवा, मग एका शनिवारी त्या शाखेचा सर्व्हर गेला असं समजून दुसऱ्या मशीनवर पूर्ण रिस्टोर करा. घड्याळ लावून. हिशेब बघणाऱ्या बाईंना शेजारी बसवा आणि कालची शेवटची पावती त्यांनाच उघडू द्या. ती उघडली की वेळ लिहा. तो वेळ मॅनेजरने सांगितलेल्या आकड्यात बसत असेल तर ते कोटेशन घ्या. नसेल, तर आधी शाखेतली प्रत वेगवान डिस्कवर हलवून पुन्हा बघा, बऱ्याचदा अडथळा तिथेच असतो. पायलटमधून रोजच्या बदलाचा आणि अपलोडचा खरा आकडा हाती आला की कळवा, मी धरलेल्या सहा जीबी आणि दहा एमबीपीएसच्या जागी तो घालून हिशेब पुन्हा मांडू.